सात ते नऊ

भोंगा वाजला तेव्हा स्वरूपा कंपासच्या सुईने टेबलाच्या कडेचा सनमायका उकरत होती. ग्रामपंचायतीच्या छतावरचा तो भोंगा बरोबर सातला सुरू व्हायचा, आणि पंचायतीचे शिपाई सिकंदरभाई बटणावरचं बोट उचलेपर्यंत गावातली झाडून सगळी कुत्री त्याच्या सुरात सूर मिळवायची. बाहेरच्या खोलीत तिच्या आजोबांच्या, अप्पांच्या मालिकेतली सासू सुनेच्या कानाखाली वाजवणार होती. हात वर गेला तेवढ्यात टीव्ही बंद झाला.

"सात," तिच्या बापाने, संभाजीने जाहीर केलं. सात वाजणं ही जणू त्याचीच करामत होती.

भोंगा दिवाळीपासूनचा. निमगाव केतकीच्या रस्त्यावरून आत वळून सहा किलोमीटर गेलं की हे गाव लागतं. सरपंच दादासाहेबांनी कुठल्याशा जिल्ह्यातल्या कुठल्याशा गावाचा व्हिडिओ पाहिला आणि ग्रामसभेत ठराव करून टाकला: सात ते नऊ टीव्ही बंद, मोबाईल बंद, पोरांनी अभ्यास करायचा. ठरावाला एकानेही विरोध केला नाही, कारण अभ्यास दुसऱ्याने करायचा होता.

गावाने आजवर केलेल्या मूर्खपणांत स्वरूपा याला पहिला नंबर द्यायची. पूर्वी सात वाजले की सगळं घर भिंतीकडे तोंड करून बसायचं. आतल्या खोलीत ती जिवंत आहे की मेली, याची नऊ वाजेपर्यंत कुणाला फिकीर नसायची. आता भिंतीवर बघायला काही उरलं नाही, म्हणून सगळे तिला बघायला येत. दहावीची पोरगी म्हणजे या घरातला नवा कार्यक्रम होता, आणि त्यात मध्ये जाहिरातीसुद्धा नव्हत्या.

अप्पा काठी टेकत आले आणि कॉटवर बसले. आई पावट्याच्या शेंगांचं ताट घेऊन उंबऱ्यात बसली. संभाजी संध्याकाळचं दूध मोजून घेऊन, दूध संकलन केंद्राला कुलूप लावून नुकताच आला होता; त्याच्या अंगाला अजून दुधाच्या कॅनचा आंबूस वास होता. तो स्टूल ओढून तिच्या डाव्या हाताला बसला आणि दुधाचं फॅट मोजायच्या मशीनवर आकडा उमटायची वाट बघावी तसा वहीकडे बघत राहिला.

"लिव, लिव. आमचं काय न्हाय," तो म्हणाला.

स्वरूपाने वर्तुळ काढलं. वर्तुळ चांगलं आलं.

"गोल बेस काढलाय," अप्पा म्हणाले.

उत्तर देण्याच्या लायकीचं या घरात सहसा कुणी काही बोलायचं नाही. ती घरात सुद्धा 'हाय'च्या जागी 'आहे' म्हणायची, 'न्हाय'च्या जागी 'नाही'. संभाजीला त्याचं कौतुक होतं. त्याला वाटायचं, पोरगी शिकते आहे. आपल्यापासून चार हात लांब राहण्यासाठी ती तसं बोलते, हे त्याच्या डोक्यात कधी आलंच नाही.

सात वाजून दहा मिनिटांनी समोरची शकुबाई आली. तिचा टीव्हीही बंदच होता.

"काय चाललंय गं?"

"अभ्यास."

"कशाचा?"

"भूमिती."

"ती काय आस्ती?" शकुबाईने आईच्या ताटातल्या चार शेंगा उचलल्या आणि उत्तराची वाट न बघता सोलायला लागली. मग शेंगांचा भाव, मग शेंगांतली कीड, मग कीड पडलेल्या शेंगा विकणारा तो निमगावच्या बाजारातला माणूस. स्वरूपा पेन्सिलचं टोक कागदावर दाबत राहिली, ते मोडेपर्यंत.

साडेसातला समिती आली. भोंगा समिती. तिच्यात सात जण होते, आणि प्रत्येकाला एकेक शिट्टी दिली होती. त्यांतला एक संभाजी. सोमवार आणि गुरुवार त्याची पाळी असायची. एरवी ज्याला दूधवाला म्हणून कुणी दुसऱ्यांदा वळून बघत नाही असा माणूस शिट्टी गळ्यात अडकवून लोकांच्या घरात डोकावत फिरायचा आणि परत आल्यावर कुणाच्या घरी टीव्ही चालू सापडला ते रंगवून सांगायचा. स्वरूपाला त्या शिट्टीची शिसारी यायची. आज मात्र पाळी खुद्द दादासाहेबांची होती.

"हितं तर काय बघायलाच नगं," दादासाहेब दारातूनच म्हणाले. "संभाजीराव, तुमची पोरगी म्हंजी गावाचा आदर्श. बाळ, पुस्तक जरा वर धर. आसं. तोंड दिसू दे. खाली बघ, पण तोंड दिसू दे."

फोटो निघाला. मोबाईल बंद असण्याच्या वेळात तो गावाच्या ग्रुपवर गेला, आणि मोबाईल बंद असण्याच्या वेळात चाळीस लोकांनी त्याला अंगठे दाखवले. भिंतीवरच्या कोनाड्यात ठेवलेला संभाजीचा फोन टिंगटिंग वाजत राहिला. संभाजीने ठरावाला जागून त्याला हात लावला नाही, पण तिकडे चार वेळा बघितलं. गाढवांच्या या बाजारात आपण कशा जन्माला आलो, असा प्रश्न स्वरूपाला पडला. हा प्रश्न तिला दिवसातून तीनदा पडायचा.

अभ्यास कसा करावा हे तिला नीट माहीत होतं. त्यावरचे व्हिडिओ तिने शंभर तरी पाहिले असतील. पंचवीस मिनिटं अभ्यास, पाच मिनिटं विश्रांती. अवघड विषय आधी. पाठ केलेलं दुसऱ्या दिवशी आणि सातव्या दिवशी पुन्हा. टेबलावरच्या भिंतीला तिने वेळापत्रक लावलं होतं, चार रंगांच्या स्केचपेनने केलेलं. भूमिती हिरवी, बीजगणित लाल. दिवाळीपासून आतापर्यंत तिने तीन वेळापत्रकं केली होती आणि प्रत्येक आधीच्यापेक्षा देखणं उतरलं होतं. अशा माणसाला फक्त सलग पंचवीस मिनिटं लागतात. ती या गावात मिळत नाहीत, एवढंच काय ते तिचं आणि बारामतीचं अंतर होतं.

बारामती तिने दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा चष्म्यासाठी. तिथल्या एका अभ्यासिकेच्या काचेतून तिला आतली मुलं दिसली होती. प्रत्येकाला लाकडी फळ्यांनी वेगळी केलेली जागा, प्रत्येकाचा वेगळा दिवा, आणि कुणीही कुणाकडे बघत नव्हतं. त्या संध्याकाळी तिने ठरवलं की अकरावी सायन्स बारामतीलाच. संभाजीनेही शब्द दिला होता: ऐंशी टक्के पडले तर बारामती, हॉस्टेलसकट. नाही पडले तर निमगावला एसटीने जायचं आणि एसटीने यायचं. म्हणजे आणखी दोन वर्षं हेच घर, हेच शेंगांचं ताट, हीच शकुबाई.

वर्गात तिच्यासारखीच बारामतीचं नाव घेणारी आणखी एक होती, सिकंदरभाईंची मेहजबीन. बाप भोंगा वाजवतो आणि पोरगी अभ्यास करते, म्हणजे कोंबडा आणि सकाळ एकाच घरात, असं स्वरूपा मैत्रिणींना सांगायची आणि मैत्रिणी हसायच्या. मेहजबीनच्या वह्यांना कव्हर नसायचं. ती प्रमेयं येता-जाता ओठांत पुटपुटायची. घोकंपट्टी, दुसरं काय.

जानेवारीत पूर्वपरीक्षेचे पेपर मिळाले. मेहजबीनला भूमितीत चाळीसपैकी चौतीस. स्वरूपाला अकरा.

पेपरवर पालकांची सही लागायची. संध्याकाळी संभाजी मोरीत हातपाय धूत होता. तिने पेपर टेबलावर उलटा ठेवला आणि त्याच्या येण्याची वाट बघत उभी राहिली. त्याने टॉवेलला हात पुसले, पेपर सुलटा केला, आणि त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"ह्यो एकच प्रश्न तपासलाय का?"

"सगळा पेपर आहे."

"अकरा?"

तेवढं पुरलं. दिवाळीपासूनचं साचलेलं सगळं बाहेर आलं.

"मग काय पडणार? चौतीस? तुम्ही सगळे माझ्या डोक्यावर बसता. अप्पा माझी वर्तुळं बघतात. आई शेंगा सोलते. ती शकुबाई माझ्या कानाशी कीड काढत बसते. तुमचे ते दादासाहेब येऊन माझे फोटो काढतात, आणि तुम्ही? तुम्ही वहीत बघत बसता, जसं काही तुम्हाला कळतंच. काय कळतं तुम्हाला त्यातलं? एक ओळ तरी कळते?"

आईच्या हातातलं भांडं जिथल्या तिथे राहिलं. "बापाशी बोलतीयास तू," ती म्हणाली.

"मला फक्त दोन तास शांतता द्या. बाकी काही नको. सगळं येतं मला. शांतता नाही म्हणून होत नाही."

बाहेरच्या खोलीत अप्पांनी टीव्हीचा आवाज स्वतःहून कमी केला. संभाजीने तिचा पेन उचलला, अकराच्या शेजारी सावकाश सही केली, आणि शाई वाळावी म्हणून पेपरवर फुंकर घातली.

"न्हाय कळत," मग तो म्हणाला. "आठवीत शाळा सुटली माझी. मला वाटलं, जवळ बसलं की बरं वाटंल तुला."

स्वरूपाने मान फिरवली. या लोकांना कशाने बरं वाटतं आणि कशाने नाही, हे ऐकायची तिची तयारी नव्हती.

दुसऱ्या दिवशी भोंगा वाजला, टीव्ही बंद झाला, आणि आतल्या खोलीत कुणीच आलं नाही. बाहेर चटई गुंडाळल्याचा आवाज आला. ती दाराशी गेली. अप्पा घोंगडी पांघरून उभे होते. आईने कडेला शेंगांचं ताट घेतलं होतं. संभाजीच्या काखेत चटई होती.

"आमी समोर शकुबाईच्या वट्यावर बसतो," तो म्हणाला. "तिला पण सांगितलंय, हिकडं यायचं न्हाय. नऊचा भोंगा झाला की येऊ. फोन मी संगं नेतो, वाजायला नगं. आजून काय पायजे का?"

"नको."

"पानी भरून ठेवलंय बघ टेबलावर."

ते गेले. संभाजीने दार बाहेरून ओढून घेतलं, कडीचा आवाज होऊ नये म्हणून अगदी हळू. एकदाचं यांच्या टाळक्यात शिरलं, असं तिला वाटलं. अकलेचे कांदे नुसते, पण धक्का दिला की चालतात.

घर रिकामं झालं. स्वरूपाला घर रिकामं असल्याचा अनुभव नव्हता. भिंतीवरच्या घड्याळाचा काटा सरकताना आवाज होतो, हे तिला आज कळलं. तिने खुर्ची पुढे ओढली, टेबल पुसलं, पेन्सिलला टोक काढलं, हातातलं घड्याळ काढून समोर ठेवलं. सात वाजून आठ मिनिटं. पहिली पंचवीस मिनिटं. हिरवा रंग, भूमिती, वर्तुळ हे प्रकरण. वर्तुळाच्या बाहेरच्या बिंदूपासून वर्तुळाला काढलेले दोन स्पर्शिकाखंड एकरूप असतात, हे सिद्ध करायचं.

तिने तारीख टाकली आणि खाली रेघ मारली. वर्तुळ काढलं. बाहेर बिंदू घेतला, तिथून दोन स्पर्शिका ओढल्या. आकृती सुबक आली. मग उजव्या बाजूला लिहिलं: पक्ष. पुस्तकात बघून पक्ष उतरवला. त्याखाली: साध्य. तेही उतरवलं. त्याखाली लिहिलं: सिद्धता. दोन टिंबं दिली, आणि पुस्तक मिटलं, कारण इथून पुढचं स्वतः करायचं असतं.

टिंबांच्या पुढे काही आलं नाही.

ती पाणी प्यायली. त्रिज्या काढायच्या असतात, एवढं तिला पुसट आठवत होतं, पण कुठून कुठे, आणि काढल्यावर पुढे काय, हे नव्हतं आठवत. तिने आधीचं प्रकरण उघडलं. ते तिला येतं असं ती धरून चालली होती. पहिलं उदाहरण तिने तीनदा वाचलं. त्याच्याही आधीचं प्रकरण उघडलं, समरूपतेचं, जूनमधलं, भोंगा नव्हता तेव्हाचं. त्या पानांवर तिने हिरव्या पेनने चौकटी आखल्या होत्या, महत्त्वाच्या ओळींवर रंग भरले होते, कोपऱ्यात तारे काढले होते. चौकटीतलं एकही अक्षर तिला समजेना. तिने कान देऊन ऐकलं. कुणी खोकत नव्हतं, कुणी शेंगा फोडत नव्हतं, कुणी गोल बेस काढलाय म्हणत नव्हतं. आज घरात तुच्छ लेखायला दुसरं माणूसच नव्हतं. एकटीने बसून तिला स्वतःची चीड आली, मग भीती वाटली, आणि ती भीती घालवण्यासाठी तिने वेळापत्रकाचा कागद काढून नव्याने रेघा मारायला घेतल्या.

आठच्या सुमाराला दारापुढे जीप थांबली. तिने खिडकीच्या फटीतून पाहिलं. दादासाहेब उतरले, त्यांच्यामागे जॅकेट घातलेला एक अनोळखी माणूस. समोरच्या ओट्यावरून संभाजी धावत आला. शिट्टी गळ्यात होती. आज गुरुवार, त्याची पाळी होती, आणि तो फेरीला गेलाच नव्हता.

"संभाजीराव, हे इंदापूरवरनं आलेत. शिक्षण विभागाचे साहेब," दादासाहेब म्हणाले. "भोंग्याची पाहनी करायला खास आलेत. म्हनलं, पहिलं घर तुमचंच दावू."

"नमस्कार साहेब." संभाजीने हात जोडले, पण दारातून बाजूला झाला नाही. "आत जाता येनार न्हाय."

"म्हंजी?"

"पोरगी अभ्यासाला बसलीया."

"आरं, तेच तर बघायचंय त्यास्नी." दादासाहेब हसले. "दोन मिन्टं. एक फोटो."

"न्हाय दादासाहेब. दोन मिन्टं पण न्हाय. आमच्यामुळं तिचं नुस्कान झालंय. लई झालंय."

साहेब घड्याळाकडे बघू लागले. दादासाहेबांचं हसू विरलं. "संभाजी," ते म्हणाले, आणि त्यातला 'राव' गळून गेलेला आत खिडकीपाशी सुद्धा ऐकू आला. "पाव्हन्यांम्होरं शोभा करतूस व्हय? समितीत ऱ्हायाचं हाय का न्हाय तुला?"

संभाजीने गळ्यातली शिट्टी काढली. ती देताना दोरी कॉलरच्या गुंडीत अडकली, ती त्याने दोन्ही हातांनी सोडवली आणि दादासाहेबांच्या हातात ठेवली.

"न्हाय ऱ्हायलो तरी चालंल. पन हळू बोला जरा. आत ऐकू जातंय."

खिडकीशी उभ्या स्वरूपाच्या हातात लाल स्केचपेन होता. दार उघडून बाहेर जाता आलं असतं. या आत, काढा फोटो, काही होत नाहीये माझ्याच्याने, असं म्हणता आलं असतं. तेवढ्याने बापाची शिट्टी त्याच्या गळ्यात परत गेली असती. ती दारापर्यंत गेली, कडीला हात लावला. जीप सुरू झाली आणि वळून गेली.

मग तिने फटीतून समोर पाहिलं. ओट्यावर ते ओळीने बसले होते. अप्पांनी घोंगडी डोक्यावरून घेतली होती आणि खोकला आला की ते तिचा बोळा तोंडावर दाबत होते. आई अंधारात हाताने चाचपून शेंगा सोलत होती. शकुबाईला काहीतरी सांगायचं होतं. ती आईच्या कानाला लागून सांगत होती. एक मोटारसायकल आली तेव्हा संभाजी उठून रस्त्यावर गेला आणि दोन्ही हात खाली दाबत तिला हळू जायची खूण केली. ज्या माणसांवाचून तिचं काही अडलं नव्हतं, ती सगळी माणसं थंडीत गप्प बसली होती.

स्वरूपा टेबलाशी येऊन बसली. सिद्धता, दोन टिंबं. तिने टिंबं पेन्सिलने गडद केली.

नऊचा भोंगा झाला. कुत्री ओरडली. दार हळूच उघडलं आणि सगळे पाय न वाजवता आत आले. अप्पा मोरीपाशी जाऊन इतका वेळ आवरलेलं सगळं खोकून घेऊ लागले. संभाजी आतल्या खोलीच्या दाराशी थांबला. आत यावं की नाही, हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"झालं का गं?"

तिने वहीवर हात ठेवला. त्याला त्यातलं काही कळत नाही हे तिनेच काल सांगितलं होतं. तरी तिने हात काढला नाही.

"झालं."

"समदं?"

"हाय थोडं," ती म्हणाली. "पन झालं."

संभाजीचा चेहरा उजळला. ती कसं बोलली, हे त्याच्या लक्षात आलं नाही. तो मागे वळला. "बघ," तो आईला म्हणाला, "फकस्त शांतता पायजे हुती पोरीला. आपल्यालाच कळत नव्हतं." मग मोरीकडे बघून, अजून दबलेल्याच आवाजात, "अप्पा, उद्यापास्नं कानटोपी घालून चला. परीक्षेपातुर रोज बसायचं हाय आता."

"बसू की," अप्पा म्हणाले. "पोरगी शिकतीया न्हवं?"